पुराचं पाणी आणि तासांचा हिशेब

एका एकरावर १ मिलिमीटर पाऊस पडला की साधारण ४,००० लिटर पाणी जमिनीवर येतं. एका रात्रीत १०० मिलिमीटर कोसळला तर ४ लाख लिटर, म्हणजे वजनात ४०० टन. एवढ्या पाण्यापुढे तीनच वाटा असतात. ते जमिनीत मुरतं, उताराने निघून जातं किंवा जागच्या जागी साचतं.

पाऊस किती झाला याची चर्चा सगळेच करतात. पण छोट्या शेताचं नुकसान बहुतेक वेळा ठरतं ते पाणी किती तास थांबलं यावर. तुरीची मुळं, गोठ्यातली गाय, विहीर, मोटर, कडब्याची गंजी, प्रत्येकाची पाणी सोसायची मुदत वेगळी. कुणाची मिनिटांत मोजायची, कुणाची तासांत, कुणाची दिवसांत. ही मुदत माहीत असली की घाई कुठे करायची आणि कुठे गप्प बसायचं हे कळतं. यातलं गप्प बसणं जास्त अवघड असतं, त्याबद्दल पुढे येईलच.

जमीन पाणी का नाकारते

ओली होऊन स्थिरावल्यावर वाळूमिश्रित पोयट्याची जमीन तासाला २० ते ३० मिलिमीटर पाणी मुरवते. पोयट्याची १० ते २०, आणि चिकणमाती जेमतेम १ ते ५. म्हणजे तासाला ४० मिलिमीटरने पाऊस कोसळत असेल तर यातली कुठलीच जमीन तो सगळा पिऊ शकत नाही. उरलेलं पाणी वाहणार किंवा साचणार.

भारी काळी जमीन तर सुरुवातीला फसवते. उन्हाळ्यात पडलेल्या भेगांतून पहिला पाऊस धडाधड खाली जातो आणि वाटतं, केवढी तहानलेली आहे ही. मग माती फुगते, भेगा मिटतात, आणि त्यानंतर वरून कितीही ओतलं तरी बरंचसं पाणी वरच्या वर फिरत राहतं. त्यामुळे हंगामातला पहिला मोठा पाऊस निभावला म्हणून तिसराही निभेल असं धरून चालता येत नाही. चार दिवस संततधार झाल्यावरचे ५० मिलिमीटर कोरड्या रानावरच्या १०० मिलिमीटरपेक्षा जड जाऊ शकतात.

आणखी एक गोष्ट जमिनीच्या पोटात दडलेली असते. वर्षानुवर्षं एकाच खोलीवर नांगरट किंवा रोटाव्हेटर चालला की फाळाच्या खाली एक कडक थर तयार होतो. ओल असताना एक लोखंडी सळई हाताने जमिनीत दाबून पाहावी. सुरुवातीला सहज जाते, मग वीतभर खोलीवर अडते आणि जोर लावला की पुन्हा सुटते. सगळीकडे साधारण त्याच खोलीवर अडत असेल तर तो हा थर. वरची माती भुसभुशीत असूनही पाणी मुरत नाही, त्याचं कारण बरेचदा हेच असतं.

पाण्यात उभं राहून पीक सुकतं

शेतात गुडघाभर पाणी आणि त्यात उभं पीक मान टाकलेलं, हे दृश्य पहिल्यांदा पाहणाऱ्याला कोड्यात टाकतं. पाणी असून झाड सुकतं कसं?

मुळांनाही श्वास लागतो. चांगल्या मातीचा जवळपास निम्मा भाग पोकळी असते, काही पोकळ्यांत पाणी, काहींत हवा. पाणी साचलं की हवेच्याही पोकळ्या भरतात. पाण्यातून प्राणवायू पसरण्याचा वेग हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पटींनी कमी असतो. मातीत शिल्लक असलेला प्राणवायू मुळं आणि सूक्ष्मजीव मिळून उबदार हवामानात दिवसभरातच संपवतात. मुळांची ऊर्जा तिथेच आटते. पाणी आत घ्यायचे जे बारीक दरवाजे मुळांच्या पेशींवर असतात ते बंद होतात, आणि झाड पाण्यात उभं राहून तहानेने कोमेजतं.

इथे तापमान फार महत्त्वाचं. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. त्याच वेळी मुळांची गरज दर १० अंशांमागे जवळपास दुप्पट होते. जमा घटते, खर्च वाढतो. म्हणून ढगाळ, गार हवेत दोन दिवस साचलेलं पाणी पीक एखाद वेळी सोसतं, पण पाऊस थांबून लख्ख ऊन पडलं आणि पाणी शेतातच राहिलं तर तेच पीक एका दुपारीत जातं. लोक उघडीप पाहून सुटकेचा श्वास सोडतात. चर मोकळे करायची सगळ्यात मोठी घाई नेमकी त्याच वेळी असते. वाहतं पाणी साचलेल्या पाण्यापेक्षा बरं, कारण ते थोडाफार प्राणवायू सोबत आणतं. गढूळ पाणी सगळ्यात वाईट. ते उजेड अडवतं आणि पानांवर गाळाचा थर चढवून ठेवतं.

भाताला हे जमतं, कारण त्याच्या खोडामुळांत हवेच्या नळ्या असतात आणि पानांतून घेतलेली हवा मुळापर्यंत पोचते. पण शेंडाही बुडाला तर साधा भातही फार दिवस टिकत नाही. बुडालेलं रोप हवा गाठण्यासाठी भराभर उंच वाढतं, साठवलेलं सगळं खर्चून बसतं आणि पाणी ओसरल्यावर आडवं होतं. ओडिशातल्या एफआर १३ ए या जुन्या भाताची रीत उलटी. तो बुडाला की वाढ थांबवून निपचित राहतो आणि पाणी उतरल्यावर पुन्हा फुटतो. यामागचं सब-१-ए हे जनुक २००६ मध्ये ओळखलं गेलं, आणि ते उतरवलेली स्वर्णा-सब-१ सारखी वाणं पूर्ण बुडालेल्या अवस्थेत दोन आठवड्यांपर्यंत तग धरू शकतात. नदीकाठच्या खोलगट तुकड्यात भातच घ्यायचा असेल तर असं वाण निवडणं हा पुराविरुद्धचा सगळ्यात कमी कष्टाचा उपाय आहे.

तूर, आलं, हळद, मिरची, पपई यांचं मात्र तसं नाही. त्यांना गुदमरण्याबरोबर कुजीचीही भीती असते. फायटोफ्थोरा आणि पिथियम या रोगजनकांचे बीजाणू शेपटीच्या साहाय्याने पाण्यात अक्षरशः पोहतात आणि मुळं शोधत जातात. एका रोगट झाडापासून साऱ्या वाफ्यात रोग पसरवायला साचलेल्या पाण्याचा पातळ थर पुरतो. ही पिकं गादीवाफ्यावर किंवा उंच सरीवर घेण्यामागचं खरं कारण हे आहे.

पूर एकच नसतो

छोट्या शेतावर पाणी तीन रीतींनी येतं, आणि तिन्हींत हाताशी असलेला वेळ वेगळा.

पहिलं आपल्याच रानात पडलेलं पाणी. ते हळूहळू साचतं, जीव सहसा धोक्यात घालत नाही, पण पीक घालवतं. दुसरं ओढ्यानाल्याचं. वरच्या अंगाला ढग फुटल्यासारखा पाऊस झाला की तासाभरात, कधी मिनिटांत लोंढा येतो. आपल्याकडे तेव्हा ऊनही असू शकतं. पाणी एकाएकी गढूळ झालं, काटक्याकुटक्या वाहून येऊ लागल्या किंवा घरघर ऐकू आली की पात्रातून तडक वर यायचं. मोटर काढायला थांबायचं नाही.

तिसरा मोठ्या नदीचा पूर, आणि त्याचा फुगवटा. हा संथ येतो आणि संथच जातो. मुख्य नदी भरली की तिला मिळणारा ओढा आपलं पाणी आत टाकू शकत नाही. ओढ्याचं पाणी थांबतं, मग उलटं चढू लागतं. नदीपासून बऱ्यापैकी लांब असलेल्या शेतात, वर आभाळ स्वच्छ असताना, खालच्या बाजूने पाणी येतं ते असं. ज्या चरांतून आपण पाणी बाहेर काढतो त्याच चरांतून ते आत येतं. त्या वेळी चर खोल करण्यात काहीच अर्थ नसतो, नदी उतरेपर्यंत तो चर म्हणजे आत येणारी वाट आहे.

नदीवर धरण असेल तर विसर्गाचे आकडे कानावर पडतात. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. साधारण ११,५७४ क्युसेक विसर्ग २४ तास चालला की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी होतं. पण नुसत्या आकड्यापेक्षा दोन गोष्टी विचारून ठेवाव्यात. धरणातून सुटलेलं पाणी आपल्या भागात पोचायला किती तास लागतात, आणि मागे असा पूर आला तेव्हा कोणत्या विसर्गाला कोणता रस्ता बुडाला होता. काठावरच्या म्हाताऱ्या माणसांना दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा तोंडपाठ असतं.

आणि स्वतः मोजावं. पाण्याच्या कडेला बांबू रोवून त्यावर दर १० सेंटिमीटरला रंगाची किंवा दोऱ्याची खूण करायची. दर तासाला पाणी कुठवर आलं ते वेळेसकट वहीत लिहायचं. पाणी किती उंच आहे यापेक्षा ते तासाला किती चढतंय हे जास्त सांगून जातं. तासाला १० सेंटिमीटरने चढणारं पाणी गोठ्याच्या जोत्यापासून ६० सेंटिमीटर खाली असेल तर हाताशी सहा तास आहेत, आणि त्यातले काही अंधाराचे असतील तर ते वजा करायचे.

चर, बांध आणि मोरी

पाण्याला बाहेर काढायचं तर त्याला वाट पाऊस येण्याआधी द्यावी लागते. शेताच्या सगळ्यात खालच्या कडेचा चर, त्याला मिळणारे आडवे चर, आणि सगळ्याचं पाणी जिथे बाहेर पडतं ती जागा, एवढं मोकळं असेल तर निम्मं काम झालं. बाकी सगळे चर साफ आणि तोंड मात्र झुडपांनी बंद, असं फार दिसतं.

बांधावरून पाणी ओसंडायला लागलं की घाबरून कुदळ घालून बांध फोडायचा मोह होतो. मातीच्या बांधाला पाडलेली हातभर रुंदीची खिंड पाण्याच्या ओढीने बघता बघता दोन-तीन मीटर होते, आणि शेतातली वरची माती त्यातून निघून जाते. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो, म्हणून अरुंद जागेतून सुटलेलं पाणी एवढं कापतं. त्यापेक्षा बांधाला आधीच सांडवा ठेवलेला बरा. बांधाच्या माथ्यापेक्षा वीतभर खाली, रुंद, तळाला दगड बसवलेला आणि पलीकडे पाणी जिथे आदळतं तिथेही दगड. रुंद सांडव्यावरून पाणी पातळ थराने जातं आणि माती कापत नाही. शेततळ्यालाही हेच लागू. भरावावरून पाणी वाहू लागलं की तळं फुटायला फार वेळ लागत नाही.

रस्त्याखालच्या मोरीबद्दल एक हिशेब लोकांना पटत नाही. ६० सेंटिमीटर व्यासाच्या एका नळ्याऐवजी ३० सेंटिमीटरचे दोन नळे घातले की झालं, असं वाटतं. प्रत्यक्षात तेवढंच पाणी त्याच उतारावरून काढायला ३० चे सहाहून अधिक नळे लागतात, कारण पाणी वाहायची ताकद व्यासाबरोबर फार झपाट्याने वाढते. शिवाय लहान नळा एका ओंडक्याने बंद होतो.

मोठ्या नदीच्या पाण्याशी मात्र छोट्या शेताने झुंजू नये. पोती रचून घराचं दार किंवा बियाण्याची खोली वाचवता येते, शेत वाचवता येत नाही. तिथली मेहनत जनावरांवर आणि सामानावर लावलेली बरी.

पाणी यायच्या आत

प्लास्टिकच्या रिकाम्या टाक्या पुरात तरंगून निघून जातात. १,००० लिटरची रिकामी टाकी बुडाली की तिला वर ढकलणारा जोर जवळपास १ टनाचा असतो, साधी दोरी टिकत नाही. पूर यायच्या आधी ती स्वच्छ पाण्याने काठोकाठ भरून झाकण घट्ट लावायचं. टाकी जागेवर राहते आणि घरच्यांना, जनावरांना प्यायचं पाणीही होतं. पुरात पाणी चहूकडे असतं आणि प्यायला थेंब नसतो. डिझेलच्या पिंपांना मात्र खांबाला बांधावंच लागतं. कीटकनाशकं, तणनाशकं, खतं सगळ्यात उंच फळीवर. ती पाण्यात मिसळली तर पुढचे कित्येक दिवस कुणी कशाला हात लावायचा हा प्रश्न उभा राहतो.

विजेचा मुख्य खटका पाणी पोचायच्या आत, कोरड्या पायांनी बंद करायचा. पेटीपर्यंत पाणी आलं असेल तर तिकडे फिरकायचंच नाही.

महत्त्वाची कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत दुहेरी गुंडाळून माणसांबरोबर न्यायची, आणि त्यांचे फोटो फोनमध्ये असू द्यायचे.

जनावरं

पुरात मरणाऱ्या जनावरांपैकी बरीचशी दाव्याला बांधलेली असतात. गाय, म्हैस, बैल पोहू शकतात. शेळ्यामेंढ्या पोहतात पण लवकर थकतात, मेंढीची लोकर भिजली की तिचं वजन तिलाच खाली ओढतं. म्हणून पाणी चढत असताना आणि जनावरं हलवणं शक्य नसताना शेवटचं काम एकच: दावी सोडायची, गोठ्याचं दार उघडं ठेवायचं. वेसणीला लोंबणारा कासराही काढून घ्यायचा, तो झुडपात अडकतो.

त्याआधी हलवता आलं तर उत्तम, आणि ते दिवसाउजेडी. कळपातली जुनी, शांत गाय पुढे घातली की बाकीची मागे येतात. अंधारात, वाहत्या पाण्यातून जनावर हाकणं माणसाच्याच जिवावर बेतू शकतं. घोट्याच्या जरा वर, १५ सेंटिमीटर वेगाने वाहणारं पाणी धडधाकट माणसाला पाडू शकतं. ३० सेंटिमीटरमध्ये लहान मोटारगाडी तरंगू लागते, ६० मध्ये बहुतेक गाड्या वाहून जातात. ट्रॅक्टर उंच असतो म्हणून तो जाईल, असा विश्वास फार लोक बाळगतात. पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की नाही हे ट्रॅक्टरच्या सीटवरून दिसत नाही.

उंच जागेवर किती वैरण नेऊन ठेवायची? ४०० किलोच्या गाईला दिवसाला सुमारे १० किलो कोरडी वैरण आणि ४० ते ६० लिटर पाणी लागतं. चार गाईंचे पाच दिवस म्हणजे २०० किलो वैरण. आधी मोजलं तर हे एका फेरीत होतं. पुराच्या पाण्यात भिजलेली, गाळ बसलेली वैरण जनावरापुढे टाकू नये. बुरशी, कुजलेल्या मेलेल्या जिवांमुळे होणारी विषबाधा, उंदरांच्या मुत्रातून येणारा लेप्टो, सगळं त्यातून पोटात जातं.

घटसर्प आणि फऱ्या हे दोन रोग पावसापुराच्या दिवसांत उसळतात. फऱ्याचे जंतू मातीत वर्षानुवर्षं बीजरूपाने टिकतात आणि पुराने माती ढवळली की वर येतात. लसीचा परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणजे ही लस पूर आल्यावर आठवून उपयोगाची नाही, ती पावसाळ्याआधीच टोचलेली हवी. शेळ्यामेंढ्यांना आंत्रविषाराचीही.

पाणी ओसरल्यावर काही आठवड्यांनी आणखी एक पाहुणा येतो, यकृतातला चपटा कृमी. तो दलदलीतल्या गोगलगायींच्या अंगात वाढतो आणि मग गवताला चिकटतो. साचलेल्या पाण्याच्या कडेचं कोवळं हिरवं गवत जनावरांना आवडतं आणि धोका नेमका तिथेच असतो. खूर सडणं, कोंबड्यांच्या ओल्या तुसात वाढणारा रक्ती हगवणीचा रोग, हे तर लगेच दिसतातच. सगळ्यावर पहिला इलाज उभं राहायला कोरडी जागा, मग औषधं.

विजेची तार आणि गाय

ओल्या शेतात पडलेल्या तारेजवळ माणूस वाचतो आणि शेजारची गाय मरते, याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. तार जमिनीला टेकली की तिथून विजेचा दाब चहूबाजूंनी पसरत कमी कमी होत जातो. जवळ जास्त, लांब कमी. एक पाय जवळ आणि दुसरा लांब असला की दोन पायांमधल्या दाबाच्या फरकाने शरीरातून प्रवाह वाहतो. पावलांतलं अंतर जितकं मोठं तितका फरक मोठा. गाईच्या पुढच्या आणि मागच्या पायांत दीड मीटरच्या आसपास अंतर असतं, आणि वाटेत तिचं हृदय येतं. माणसाची पावलं जवळ असतात आणि प्रवाह बराचसा पायांतूनच परततो.

म्हणून तुटलेल्या तारेपासून किमान १० मीटर लांब राहायचं. चुकून जवळ सापडलो तर धावायचं नाही. दोन्ही पाय एकमेकांना चिकटवून, जमिनीवरून घासत, इंचाइंचाने मागे सरायचं. आणि तडफडणाऱ्या जनावराला सोडवायला पुढे जायचं नाही, वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत.

पाणी ओसरलं, आता घाई नको

माझ्या मते सगळ्यात जास्त टाळता येण्यासारखं नुकसान इथे होतं. आठवडाभर हातावर हात ठेवून बसलेला माणूस पाणी उतरताच सगळं एका दिवसात मार्गी लावायला धावतो.

सर्वांत आधी फोटो. साफसफाई करायच्या आत, तारीख-वेळेसकट, शेताच्या चारही कोपऱ्यांतून, भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेसकट. पीकविम्याला कळवायची मुदत कमी असते आणि चिखल धुतला की पुरावाही धुतला जातो.

मोटर आणि स्टार्टर चालू करून बघायचा मोह आवरायचा. आत गाळ आणि ओल असताना वीज दिली की गुंडाळी जळते. नुसती बुडालेली मोटर बहुतेक वेळा उघडून, धुऊन, वाळवून वाचते. मेगर लावून इन्सुलेशन तपासल्यावरच ती सुरू करायची. ट्रॅक्टरचं इंजिन बुडालं असेल तर आधी तेल पाहायचं. दुधाळ दिसलं की त्यात पाणी आहे, बदलल्याशिवाय सेल्फ मारायचा नाही.

जमिनीबाबत एकच शब्द पुरतो: वाफसा, म्हणजे माती कामाजोगी सुकलेली असणं. तो येईपर्यंत रानात ट्रॅक्टर नाही, औत नाही, शक्यतो माणसंही नाहीत. ओल्या मातीवर वजन पडलं की राहिलेल्या पोकळ्या दाबल्या जातात आणि मुळांना जी हवा द्यायची आहे तिचीच वाट बंद होते. हे दाबलेपण पुढची काही वर्षं सोबत करतं. मूठभर माती चार-पाच बोटं खोलीवरून घेऊन दाबायची, गोळा कमरेच्या उंचीवरून सोडायचा. फुटून विखुरला तर वाफसा आला. चपटा होऊन चिकटला तर अजून थांबायचं. फक्त साचलेलं पाणी काढायला हाताने चर मारणं हे एक काम थांबू शकत नाही.

पीक मेलं की जिवंत आहे हेही लगेच कळत नाही. तीन ते पाच दिवस जाऊ द्यायचे. मग एक रोप उपटायचं आणि मुळाला चिमटीत धरून हलकेच ओढायचं. वरची साल मोजा उतरावा तशी निघून आत नुसता दोरा उरला, आणि कुजक्या अंड्यासारखा वास आला, तर ते मूळ गेलं. टोकं पांढरी असतील, खोडाजवळ नवी मुळं फुटत असतील, तर आशा आहे. मका लहान असेल तर खोड उभं चिरून पाहावं. सहा पानांपर्यंत त्याचा वाढीचा कोंब जमिनीखालीच असतो, तो पांढरट आणि टणक असेल तर वरची पानं गेली तरी मका उठतो. तपकिरी आणि मऊ लागला तर नाही.

पीक पिवळं दिसलं की युरिया टाकायची घाई होते. पिवळेपणाचं कारण बरोबर ओळखलेलं असतं, पण वेळ चुकते. पाण्याखालच्या मातीत हवा नसल्याने जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नत्र वायू होऊन उडून जातं. काही नत्र पाण्याबरोबर खाली झिरपतं. म्हणजे नत्र खरोखर कमी झालेलं असतं, पण चिखलात टाकलेला युरियाही त्याच वाटेने जातो, आणि गुदमरलेली मुळं तो उचलूही शकत नाहीत. तोवर २ टक्के युरियाची फवारणी पानांवरून थोडा आधार देते. जमिनीतून हप्ता द्यायचा तो वाफसा आल्यावर, नवी मुळं दिसल्यावर, थोडा थोडा.

पालेभाज्या आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना पुराचं पाणी लागलं असेल तर त्या धुऊन विकू नयेत. त्या पाण्यात शौचालयांचं, गोठ्यांचं, कीटकनाशकांचं सगळंच आलेलं असतं.

भिजलेली गंजी ही वेगळी चिंता. ओल्या वैरणीत जिवाणू वाढतात, आत ऊब साठत जाते आणि काही दिवसांनी, कधी आठवड्यांनी, ती स्वतःहून पेट घेऊ शकते. लोखंडी सळई गंजीच्या पोटात खुपसून १५ मिनिटांनी काढायची. हातात धरवत नसेल इतकी तापली असेल तर गंजी एकदम उपसायची नाही, कारण आत हवा शिरताच भडका उडतो. आसपासचं सामान हलवायचं, अग्निशमनवाल्यांना बोलवायचं आणि पाणी तयार ठेवूनच ती उघडायची.

विहीर

पूर येऊन गेलेल्या विहिरीचं पाणी गाळ खाली बसून नितळ दिसलं तरी प्यायचं नाही. आधी ती उपसावी लागते, आणि इथेही घाई नडते. भोवतालची जमीन पाण्याने फुगलेली असताना विहीर एकदम रिकामी केली तर आतला आधार जातो आणि बाहेरच्या दाबाने कडं ढासळू शकतं. थोडं उपसायचं, थांबायचं, पातळी बघायची.

गढूळ पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकून फायदा कमी, गाळच क्लोरिन खाऊन टाकतो. पुरानंतर पहिल्यांदा मोठी मात्रा देऊन विहीर, पंप, पाइप धुऊन ते पाणी टाकून देतात. ही मात्रा आरोग्य सेवकाला विचारूनच ठरवावी. त्यानंतरची नेहमीची मात्रा १,००० लिटरला २.५ ग्रॅम ताजी पावडर. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत ४ मीटर पाणी असेल तर ते सुमारे २८,००० लिटर, म्हणजे ७० ग्रॅम. बादलीत कालवून, चुन्याचा साका खाली बसू देऊन वरचं पाणी विहिरीत सोडायचं आणि किमान एक तास थांबायचं. उघड्या पोत्यात ओल लागलेली पावडर निकामी असते. खात्री होईपर्यंत पाणी खळखळून उकळून प्यायचं.

चिखलात काम करणाऱ्यांनी गमबूट घालावेत, पायाला जखम असेल तर उतरूच नये. लेप्टोचा जंतू ओरखड्यातूनही शिरतो. पुढच्या दोन-चार आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात उतरल्याचं आवर्जून सांगावं. कोरड्या जागेच्या शोधात सापही गोठ्यात, पेंढ्यांत, पोत्यांखाली आलेले असतात. हात घालायच्या आधी काठीने हलवून पाहायचं. दंश झालाच तर चिरा नाही, करकचून बांधणं नाही, तो अवयव न हलवता थेट प्रतिविष असलेलं रुग्णालय.

पुढचं पीक

पुराने आणलेला गाळ आणि वाळू एकच नाही. दोन-चार सेंटिमीटर बारीक गाळ नांगरटीत मिसळून जातो, बऱ्याचदा जमिनीला मानवतोही. वीतभर वाळू चढली असेल तर ती आधी काढावी किंवा पसरून पातळ करावी लागते, कारण तिच्यात पाणी आणि खत दोन्ही ठरत नाहीत.

जमीन दीर्घकाळ पाण्याखाली, पिकाविना राहिली तर आणखी एक नुकसान होतं आणि ते पुढच्या हंगामात उघड होतं. मुळांशी भागीदारी करून त्यांना स्फुरद मिळवून देणारी मायकोरायझा बुरशी यजमान मुळं नसल्याने घटते. १९९३ मध्ये अमेरिकेत मिसिसिपीच्या खोऱ्यात मोठा पूर आला, तेव्हा पडीक राहिलेल्या शेतांत पुढच्या वर्षीचा मका जांभळट आणि खुजा निघाला होता, मातीत स्फुरद असूनही. उपाय सोपा आहे. पाणी ओसरल्यावर मुख्य पिकाची वेळ गेली असली तरी रान रिकामं सोडायचं नाही, काहीतरी पेरायचं. ज्वारी, बाजरी, ताग, चवळी, जे हाताशी असेल ते. मोहरीवर्गातली पिकं मात्र या बुरशीला आसरा देत नाहीत, ती यासाठी उपयोगाची नाहीत.

आणि चरांचा नवा आराखडा करायचा तर तो पाणी उतरत असतानाच. साचलेल्या पाण्याची कड म्हणजे निसर्गानेच आखलेली समपातळी रेषा असते. सकाळी त्या कडेने खुंट्या ठोकायच्या, दुसऱ्या दिवशी पाणी मागे सरल्यावर नव्या कडेने पुन्हा, वेगळ्या रंगाच्या. दोन-तीन दिवसांत शेताचा उतार खुंट्यांनी दिसायला लागतो, शेवटचं डबकं कुठे उरतं तेही कळतं. बाहेर काढायचा चर त्या डबक्यापासून सुरू करायचा, आणि खुंट्या काढायच्या आत त्या कुठे आहेत ते वहीत उतरवून घ्यायचं.